आटवणे आणि मुरवणे

दिवाळीच्या फराळाविषयी आजवर इतके लिहून झाले आहे, की चकलीच्या काट्यावर किंवा अनारशाच्या जाळीवर आता नवे काही सांगता येईल असे मला वाटत नाही. शिवाय फराळ हा स्वभावतःच बोलका. तो कुरकुरतो, खुसखुशतो, रुमालाखाली झाकून शेजारच्या घरी मिरवत जातो आणि तिथल्या फराळाशी तुलना करवून घेऊन परत येतो. मला आज लिहायचे आहे ते दोन अबोल पदार्थांविषयी. त्यांतली पहिली बासुंदी. तिच्या नावाने कोणाच्या कपाळाला आठी पडण्याचे कारण नाही. दुसऱ्याचे नाव ऐकून मात्र काही वाचक अंक उलटून पाहतील, की हा दिवाळी अंकच आहे ना! त्याचे नाव द्राक्षारिष्ट. आमच्या घरी ही दोन्ही एकाच बाईच्या हातची असत, म्हणून माझ्या मनात त्यांची जोडी कायमची बसून गेली आहे.

मराठी स्वयंपाकघरात क्रियापदांना तोटा नाही. आपण तळतो, भाजतो, परततो, वाफवतो, शिजवतो, कढवतो. ही सारी तासा-अर्ध्या तासाची कामे. पण दोन क्रियापदे अशी आहेत, की त्यांत कर्त्यापेक्षा काळच अधिक राबतो. एक आटवणे आणि दुसरे मुरवणे. दूध आटते, लोणचे मुरते. वरवर पाहता दोन्हींत नुसती वाट पाहायची असते. पण त्या वाट पाहण्यात केवढे अंतर! आटवायला ठेवलेल्या पदार्थापाशी तुम्ही क्षणभरही हलता कामा नये, आणि मुरायला ठेवलेल्या पदार्थाकडे तुम्ही फिरकता कामा नये. ज्याला ही दोन्ही साधली, त्याला स्वयंपाकातले पुष्कळसे साधले असे मी समजतो.

आमचे घर वाशीमचे. अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला तो १९९८ साली. पण गावाला आपल्या वयाचा अभिमान जुना आहे. हे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या वंशातल्या सर्वसेन राजाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले होते. राजशेखराने तर ‘काव्यमीमांसे’त साहित्यविद्येचे लग्नच या गावी लावून दिले आहे. काव्यपुरुष रुसून निघाला, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्मात दोघांचा विवाह झाला, अशी ती कथा. आमच्या शाळेतले गुरुजी ही कथा फार रंगवून सांगत. त्या लग्नात पक्वान्न कोणते होते हे मात्र राजशेखराने लिहिले नाही. माझ्या आत्याबाईंचे त्याबाबत ठाम मत होते. वऱ्हाडातले लग्न आणि तेही विद्वानांचे, म्हणजे बासुंदीवाचून दुसरे काय असणार!

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भगिनी. वडील त्यांना अक्का म्हणत. एक लोखंडी पेटी आणि पांढरे कपाळ घेऊन त्या माहेरी परत आल्या, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. त्यांच्या यजमानांना दारूने नेले. माणसाच्या आधी चार एकर काळी जमीन गेली, मग बैलजोडी गेली, मग भांडी गेली. हे सारे मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळले. आत्याबाईंच्या तोंडून नव्हे, तर आईच्या आणि शेजारणींच्या हलक्या आवाजातल्या बोलण्यातून. त्या काळी अशा बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलावीत नसे आणि लग्नाच्या चुड्याला हात लावू देत नसे. पण भाऊबीजेला माझे वडील पाटावर बसत ते आत्याबाईंच्याच समोर. कोणी नापसंतीने पाहिले तर म्हणत, “माझी बहीण मला ओवाळील नाही तर कोण ओवाळील?” आणि त्या दिवशीची बासुंदी अर्थातच आत्याबाईंची.

बासुंदीचे दूध आदल्या दिवशी ठरवून ठेवावे लागे. आमच्याकडच्या म्हशी वऱ्हाडी, मागे तलवारीसारखी वळलेली लांब शिंगे असलेल्या. दूध फार देत नसत, पण देत ते दाट. हिशेब शेराचा होता. दशमान वजनमापे आमच्या घरात शिरायला पुढे बरीच वर्षे लागली. भाऊबीजेला चार शेर दूध लागे आणि सात पोरांच्या घरात चार शेर दूध एका पक्वान्नाला द्यायचे ही साधी गोष्ट नव्हती. आई एकदा म्हणाली होती, “चार शेराचे दोन शेर करण्यात कसला शहाणपणा? तेवढेच दूध पोरांना दोन दिवस पुरेल.” तिचे म्हणणे हिशेबाला धरून होते. म्हशीच्या दुधात शंभरातले ८२-८३ भाग पाणीच असते आणि बासुंदी करायची म्हणजे सरपण जाळून त्यातले पुष्कळसे पाणी आढ्याकडे धाडायचे. पण सण म्हणजे तरी काय? रोज पुरवून पुरवून वापरतो ते एका दिवशी न मोजता आटवून टाकायचे, हाच तर सणाचा धर्म.

आता सरपणाचे. वऱ्हाडातली चूल पऱ्हाट्यांवर आणि तुऱ्हाट्यांवर चाले. कापूस वेचून झाल्यावर उरलेली झाडे आणि तुरीच्या काड्या. त्या भडकन पेटतात आणि भडकन विझतात. भाकरीला ते ठीक; बासुंदीला मुळीच चालत नाही. म्हणून आत्याबाई बाभळीचे जळण राखून ठेवीत आणि त्याचे निखारे झाल्यावर वर दोन गोवऱ्या लावीत. कल्हई केलेला पितळी गंज चुलीवर चढे. त्याच्या तळाशी एक छोटी बशी उपडी घातलेली असे. दुधाला उकळी फुटली की ती बशी खाली टकटक वाजू लागे आणि तिच्या त्या हालचालीने दूध तळाला धरीत नसे. आम्हां पोरांना वाटे, गंजात कोणी तरी बसले आहे आणि दार वाजवते आहे.

मग आत्याबाई पाटावर बसत. हातात लांब दांड्याचा सराटा. दूध तापले की वरच्या थरातले पाणी उडते आणि तिथली प्रथिने व स्निग्धांश एकत्र येऊन साय धरते. ती साय त्या हलक्या हाताने कडेला लावीत, पुन्हा धरली की पुन्हा कडेला. कडेचे थर जाड झाले की सराट्याने सोडवून मध्ये ढकलीत. सारे दूध एकसारखे ढवळून टाकले तर बासुंदी गुळगुळीत होते, पण तिच्यात दाताखाली येणारी साय राहत नाही. आणि मुळीच ढवळले नाही तर तळाला करपते. या दोहोंच्या मधली जी वाट आहे ती पुस्तकात सापडत नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि तिने वाटी-चमच्याच्या मापाने हजारो नव्या नवऱ्या तारून नेल्या. आमच्याही घरी तिची प्रत हळदीच्या बोटांनी पिवळी झाली. पण सराटा किती दाबावा हे कोणत्या वाटीने मोजणार?

दूध आटता आटता त्याला फिकट गुलाबी रंग चढतो. त्यात केशर असते असे पुष्कळांना वाटते. तो रंग दुधाचा स्वतःचा असतो. दुधातली साखर आणि दुधातले प्रथिन पुष्कळ वेळ एकत्र तापले की त्यांच्या संयोगाने रंग येतो आणि तो खरपूस गंधही. भाकरीच्या पापुद्र्यावर जे तपकिरी डाग पडतात, त्यांचाच हा सौम्य भाऊ. साखर मात्र घालायची अगदी शेवटी. ती आधी घातली तर दूध खाली लागते आणि शेवटी घातली तरी ती विरघळताना बासुंदी जरा पातळ होते, म्हणून पुन्हा दोन उकळ्या काढायच्या. जायफळ, विलायची आणि चारोळी. चारोळी आमच्या विदर्भाच्या रानातलीच. तिचे कवच फोडून दाणे काढणाऱ्या हातांचे आभार मानूनच ती वापरावी. आणि गंज उतरवायचा तो बासुंदी हवी तेवढी दाट होण्याच्या थोडा आधी, कारण निवताना ती आणखी दाटते. “दुधाले पाठ दाखवू नोको बापू,” आत्याबाई मला सांगत, “थे वाटच पाह्यत असते.”

हा झाला आटवण्याचा भाग. मुरवण्याचा कारभार माडीखालच्या अंधाऱ्या कोठीत चाले.

आमचे आजोबा वैद्य होते. त्यांच्या पश्चात औषधांची भांडी पडून राहिली असती. पण आत्याबाईंनी दोन-तीन गोष्टी चालू ठेवल्या, त्यांत द्राक्षारिष्ट मुख्य. काळ्या मनुका पाण्यात उकळून काढा आटवायचा, गाळून निववायचा, त्यात गूळ विरघळवायचा. मग दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग यांची भरड आणि धायटीची वाळलेली लाल फुले. ही फुलेच खरी कर्ती. त्यांच्याबरोबर जे सूक्ष्म किण्व येते ते गुळाची साखर खाऊन मद्यार्क तयार करते. हे सारे एका मातीच्या रांजणात भरून, तोंडाला फडके बांधून, वर माती लिंपून तो रांजण ज्वारीच्या राशीत पुरायचा. धान्याच्या राशीत ऊब एकसारखी राहते. दिवसा तापत नाही, रात्री गारठत नाही. महिनाभर तिकडे जायचे नाही.

आत्याबाई जात त्या फक्त कान लावायला. रांजणापाशी बसून, डोळे मिटून, त्या ऐकत. आत बुडबुड चालू असली की म्हणत, “अजून बोलू राह्यलं.” एखाद्या सकाळी कोठीतून बाहेर येत आणि सांगत, “निजलं आता.” मग तोंडाची माती काढायची आणि पेटती काडी आत धरायची. काडी विझली तर आतला वायू अजून निघतो आहे, पुन्हा झाका. काडी जळत राहिली तर अरिष्ट तयार. औषधशाळांतूनही ही परीक्षा वर्षानुवर्षे अशीच होत आली आहे. अशा अरिष्टात साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो. जेवणानंतर दोन चमचे अरिष्ट, तितकेच पाणी, हे आमच्या घरातल्या सर्व वृद्धांचे व्रत होते आणि त्या दोन चमच्यांनंतर आजीच्या गालांवर जी लाली येई ती पचनशक्तीची, असे आम्ही सर्व जण मानीत होतो.

थोडा मोठा झाल्यावर, पुस्तके वाचून शहाणपण आल्यावर, मी आत्याबाईंना एकदा चिडवले, की तुम्ही कोठीत गुत्ता चालवता. त्या रागावल्या नाहीत. रांजण पुसता पुसता म्हणाल्या, “औषध आपुन घेतो बापू. दारू आपल्याले घेते.” आणि पुन्हा पुसू लागल्या. त्यानंतर मी तो विनोद पुन्हा केला नाही.

१९७४ मध्ये नोकरीच्या निमित्ताने मी वसईला गेलो आणि दोन वर्षे राहिलो. वऱ्हाडातून आलेल्या माणसाला तिथली हिरवळ पाहूनच गुंगी येते. माझे घरमालक ख्रिस्ती; बोलत मराठीच, पण तिचा लहेजा निराळा. डिसेंबर लागला तसे त्यांच्या स्वयंपाकघरातून मला ओळखीचे वास येऊ लागले. एकीकडे मालकीणबाई दूध आटवीत होत्या. त्यांचे आटवणे आमच्या बासुंदीपाशी थांबत नव्हते. साखर आणि काजूबदामाची पूड घालून ते गोळा होईपर्यंत पुढे जात होते. मग त्याला लोण्याचा हात लावून शिंपल्याच्या, फुलांच्या, माशांच्या साच्यांत दाबायचे. याला ते ‘मिल्क क्रीम’ म्हणतात. दुसरीकडे कोपऱ्यात चिनी मातीच्या बरणीत काळ्या मनुका, साखर, किण्व आणि मूठभर गहू असे काही तरी मुरत होते. ही नाताळची वाइन. मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांत लग्नकार्याला मसाल्यांनी गरम केलेले ‘खिमट’ नावाचे पेयही असते. कायद्याचा काटा काढून पाहिले तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी मद्य करता येत नाही. पण मी तेव्हा कायदा पाहत नव्हतो, बरणी पाहत होतो. मनुका त्याच, बरणीचा अंधार तोच, महिनाभर हात न लावण्याचा नेमही तोच. आमच्या घरी त्याला औषध म्हणून चमच्याने घेत, यांच्या घरी त्याला सण म्हणून छोट्या पेल्याने घेत. नाताळच्या दिवशी त्या पेल्याला सारे घर जमले, म्हाताऱ्या आजोबांनी प्रार्थना म्हटली, प्रत्येकाने एक पेला घेतला आणि बरणीला पुन्हा झाकण बसले. दारूची एवढी शांत ओळख मला त्याआधी कधी झाली नव्हती.

सुट्टीत घरी जाताना त्या बाईंनी आत्याबाईंसाठी मिल्क क्रीमचा डबा दिला. आत्याबाईंनी झाकण उघडले आणि पहिलाच हाताला लागला तो मासा! घरात कांदा चतुर्मासात वर्ज्य, तिथे मासा. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, वास घेतला आणि म्हणाल्या, “दुधातच पोहत होता ना? मग चालते.” शेपटीपासून सुरुवात करून त्यांनी तो सावकाश संपवला आणि मग विचारले, “साखर कोन्त्या वेळी घातली हे इच्यारलं काय तिले?” मी विचारले नव्हते. पोस्टकार्ड टाकून विचारावे लागले.

मध्ये पुष्कळ वर्षे गेली. घरी चुलीच्या जागी गॅस आला. म्हशी गेल्या, दूध पिशवीतून येऊ लागले आणि वैद्यकीच्या दुकानात बाटलीबंद द्राक्षारिष्ट मिळू लागल्यावर रांजण कोठीत पालथा पडला. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली, तेव्हा आत्याबाईंनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि वर्तमानपत्राची घडी करून उशीखाली ठेवली. बोलल्या काहीच नाहीत.

२००५ च्या दिवाळीला माझी भाची डब्लिनहून आली. ती तिथे नोकरी करीत होती. आत्याबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या. दृष्टी मंदावलेली, पण पाट अजून चुलीपाशी म्हणजे गॅसच्या ओट्याखालीच. सीताफळांचे दिवस होते. आमच्या भोवतालच्या डोंगरकपारींतून दिवाळीच्या सुमारास पाट्या भरभरून सीताफळे येतात, आणि त्या वर्षी सीताफळाची बासुंदी करायचे ठरले होते. या बासुंदीचा एक कडक नियम आहे. दूध पूर्ण निवल्यावाचून गर घालायचा नाही. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. सारा गोडवा हाती असून केवळ घाईने पदार्थ हातचा जातो.

दूध आटत होते. भाची आत्याबाईंजवळ बसून तिकडच्या गमती सांगत होती आणि बोलता बोलता सहज सांगून गेली, की आयर्लंडात साय आणि व्हिस्की एकत्र करून एक गोड पेय करतात. १९७४ मध्ये बेलीज या नावाने ते बाजारात आले आणि जगभर गेले. लोक ते घरीही करतात, साय, डब्यातले आटवलेले दूध, कोको, थोडी कॉफी आणि व्हिस्की. “मी विमानतळावरून एक बाटली आणलीय आत्याआजी. पाडव्याला करून दाखवू का सगळ्यांना?”

माझी पत्नी ओट्याशी उभी होती. तिच्या हातातली वाटी तिथेच थांबली. मी काही तरी बोलून विषय बदलावा म्हणून तोंड उघडले. मुलीला काही ठाऊक नव्हते. आमच्या घरात ती गोष्ट कोणी उच्चारीतच नसे, तर तिला कशी ठाऊक असणार? आत्याबाई मात्र मान तिरकी करून, रांजणाला कान लावीत तशा, ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या,

“दूध फाटत नाई काय व माय?”

भाचीला हा प्रश्न फार आवडला. ती शिकलेलीही त्याच विषयाची होती. तिने समजावून सांगितले: तीव्र मद्यार्क दुधात एकदम पडला तर दूध फाटतेच. म्हणून कारखान्यात सायीचे कण यंत्राने अतिशय बारीक करतात आणि दुधातलेच केसीन नावाचे प्रथिन त्या कणांभोवती वेष्टण धरून राहील असे बघतात. मग ते कण एकमेकांना चिकटत नाहीत, वर तरंगून येत नाहीत. बाटलीत शंभराला सतरा भाग मद्यार्क असूनही साय जागच्या जागी राहते.

“म्हंजे दारू दुधाले नाई सांभाळत,” आत्याबाई म्हणाल्या, “दूधच दुधाले सांभाळते.”

“हो. पण दारू त्याला नासू देत नाही, आत्याआजी. म्हणून ती बाटली महिनोन् महिने टिकते.”

आत्याबाई गप्प झाल्या. मग हसू लागल्या. आधी बारीक, मग अंग हलवून, डोळ्यांना पदर लावीपर्यंत हसल्या. “नासू देत नाई!” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “पाह्य बापू, दारू नासू देत नाई म्हन्ते हे पोरगी.” आणि मग, माझ्या पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा, मी त्यांना यजमानांविषयी बोलताना ऐकले.

त्यांना बासुंदी फार आवडे. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आत्याबाईंनी केली, ती पातळ होती. यजमान रात्री आलेच नाहीत. पहाटे आले तेव्हा बासुंदीला आंबूस वास लागला होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी दूध अधिक आटवले. तिसऱ्या वर्षी आणखी. दाट केले की ते सकाळपर्यंत टिकते हे त्यांना कळले होते. “मानूस कवा येईन सांगता येत नोतं,” त्या म्हणाल्या. “म्हनून आटोत गेली. तुम्ही सारे म्हन्ता, आत्याबाईच्या हाताले गुन आहे. गुन कायचा! थे टिकाव म्हनून शिकली मी.”

दूध उतू जाऊ नये म्हणून पत्नी तेवढी सराटा हलवीत होती. बाकी कोणी हलले नाही. भाचीचे डोळे भरून आले आणि तिने घाईघाईने सांगितले, की ती बाटली तशीच परत घेऊन जाईल, उघडणारही नाही. आत्याबाईंनी तिचा हात चाचपून हातात घेतला.

“नेजो. तुह्या घरी करजो. या घरी नोको, एवढंच. आन करशीन तवा निवल्यावर घालजो. एकदम नोको वतू. बारीक धारेनं. सीताफळासारखं.”

मी पुष्कळदा त्या सांगण्याचा विचार करतो. जिचे अवघे घर ज्या वस्तूने बुडवले, त्याच वस्तूचे दूध फाटू नये म्हणून ती उपाय सांगत होती. यात क्षमा होती काय? मला तसे मोठे शब्द वापरावेसे वाटत नाहीत. मला वाटते, हयातभर चुलीपाशी बसलेल्या बाईला कोणतेही दूध नासलेले बघवत नव्हते. मग ते कोणाच्याही घरचे असो आणि त्यात काहीही पडणार असो. दुःखही तिने आधी वर्षानुवर्षे आटवले होते आणि मग झाकण लावून मुरू दिले होते. त्या दिवशी पेटती काडी आत गेली आणि ती विझली नाही.

त्या संध्याकाळी सीताफळाची बासुंदी उत्तम झाली. गर घातला तेव्हा आत्याबाईंनी गंजाला बाहेरून गाल लावून तो निवल्याची खात्री करून घेतली होती.

आत्याबाई २००९ साली गेल्या. भाची अजून डब्लिनलाच असते. दिवाळीला ती बासुंदी करते. तिकडचे दूध गाईचे, म्हणून तिची बासुंदी आमच्यापेक्षा पिवळसर दिसते, गाईच्या दुधातल्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे. नाताळात ती आपल्या मित्रमंडळींसाठी ते सायीचे मद्यही घरी करते आणि कळवते, की घरी केलेले दोन आठवड्यांत, तेही थंड पेटीत ठेवून, संपवावे लागते. पण तिचे आजवर कधी फाटले नाही. बारीक धारेने घालते म्हणून.

आणि आमच्याकडे? पत्नीचे गुडघे दुखू लागल्यापासून भाऊबीजेला गंजापाशी मी बसतो. पाट सोडून खुर्ची घेतली आहे, एवढा फरक. चार लिटर दूध, तळाशी उपडी बशी, हातात तोच सराटा, त्याचा दांडा मात्र दोनदा बदललेला. नातवंडे येऊन विचारतात, “आजोबा, अजून किती वेळ?” दूध अर्ध्यावर यायला दीड-दोन तास लागतात, हे त्यांना घड्याळात दाखवता येते. पण त्या दोन तासांत नुसते बसून माणूस काय करतो हे त्यांना सांगता येत नाही. मोठी नात हुशार आहे. मागच्या वर्षी ती म्हणाली, डब्यातले आटवलेले दूध घातले की वीस मिनिटांत होते. होते खरेच; आणि ज्या घरात दोघेही सकाळी आठला कामाला बाहेर पडतात, तिथे तेच करावे. त्यात कमीपणा काही नाही. मी तिला एवढेच म्हटले, की डबा घाल, पण बशी घालायला विसरू नकोस. ती बशी वाजू लागली तशी ती आपल्या हातातला फोन खाली ठेवून ऐकत बसली.

आमच्या घरात बासुंदीच्या खरवडीविषयी एक जुना दंडक आहे. गंज उतरला की तळाला आणि कडांना जी तांबूस, खमंग, चिकट खरवड राहते ती पोरांना मिळत नाही, पाहुण्यांना मिळत नाही, घरच्या कर्त्यालाही मिळत नाही. जो गंजापाशी बसला त्याची ती. आत्याबाई चाळीस-पन्नास वर्षे ती सराट्याने खरवडून, तळहातावर घेऊन, भिंतीकडे तोंड करून खात असत आणि आम्ही पोरे दारातून बघत असू. सबंध घराला वाढलेल्या पक्वान्नापेक्षा त्या एवढ्याशा घासात काय असेल असे तेव्हा वाटे. आता ती माझ्या वाट्याला येते. गोड असते, किंचित करपट असते, आणि फार थोडी असते.